झाकलेलं नाव

आमच्या आत्याच्या पोटात गोष्ट गेली की ती तिथंच राहायची. घरात कपबशी कुणी फोडली हे तिला ठाऊक असायचं, पण कितीही खोदून विचारलं तरी ती म्हणायची, "फुटली खरी." बाबा तिला 'तिजोरी' म्हणत.

पाणीपुरवठा मंडळाच्या आचार समितीत ती एकटी कारकून. मंडळाचे नऊ सदस्य नीट वागतात की नाही, हे या समितीनं बघायचं. आणि समितीत बसायचे त्याच नवांतले तिघे. कुंपण शेत खातंय का, हे कुंपणालाच विचारायचं म्हटल्यावर काय होणार? पण आत्याचा त्या कामावर विश्वास होता. जिन्याखालची खोली, एक कपाट, एक झेरॉक्स मशीन. ज्याच्यावर तक्रार, त्याला तिची प्रत द्यावी लागे, तक्रारदाराचं नाव झाकून. पेननं खोडलेलं नाव उजेडात धरलं की वाचता येतं, म्हणून आत्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून प्रत काढायची.

एकदा टाकीवरच्या व्हॉल्व्हमननं तक्रार दिली. एक सदस्य वस्तीचं पाणी रोज अर्धा तास आधी बंद करायला लावून ते आपल्या लॉजकडे वळवत होता. वळवणारे हात व्हॉल्व्हमनचेच, म्हणून त्याला ते सोसवेना. तो होता रोजंदारीवर.

"बाई, नाव कळलं तर मी घरी बसेन," तो म्हणाला.

"नाही कळणार," आत्या म्हणाली.

प्रत गेली. चौथ्या दिवशी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

तो आत्याकडे आला, पण ओरडला नाही. "नाव झाकलं होतं ना?" एवढंच विचारलं. आत्यानं फाइल उघडली. नाव झाकलेलंच होतं. पण वरची दोन पानं त्याच्या वळणदार अक्षरात होती, आणि टाकीबाहेरच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा गेली अकरा वर्षं तोच लिहीत होता. अख्खी वस्ती ते अक्षर ओळखायची आणि तो सदस्य त्याच वस्तीतून निवडून आलेला. तक्रार टाइप करून द्यावी, हे आत्याला सुचलंच नव्हतं.

तिनं आपली चूक लिहून समितीपुढे ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "ही समिती सदस्यांसाठी आहे, बाई. कारकुनांच्या चुका आमच्याकडे येत नाहीत." महिन्याभरात निकाल लागला: तक्रारदार कामावरून काढलेला, सबब तक्रार आकसाची, सदस्य निर्दोष. तक्रार आधीची आहे, काढलं ते नंतर, हे आत्यानं दोनदा सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मला आजही त्या तिघांचा राग येतो.

निकालाची प्रत तक्रारदाराला देऊन पोच घ्यायची असते. शिपायाला न पाठवता आत्या स्वतः गेली. त्याच्या बायकोनं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. त्यानं निकाल उभ्या उभ्या वाचला. आत्यानं पेन पुढे केलं.

"शाईचं पॅड आहे का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला लिहिता येतं की."

"येतं. आता नाही लिहायचं."

पॅड तिच्या पिशवीत होतं. त्यानं अंगठा उमटवला आणि भिंतीला पुसला. अंगठ्याखाली साक्षीदार लागतो. दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून आत्यानं तिथं आपली सही केली.