गळणारी कांडी

हमीदभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी बांधालगत गुडघे टेकून मातीत नळी बसवत होतो. ऑफिसातला शिपाई सायकलवरून ओरडत आला, "साहेब, चिंचवडचे हमीदभाई मिस्त्री गेले!" माझ्या तोंडून भलतंच निघालं, "अरे, त्यांना हा काटा दाखवायचा होता..." पाच आठवडे झाले, पण त्यांच्यावर रडका लेख लिहायला हात धजत नाही. त्यांची आठवण आली की मला अजून उत्साहच चढतो!

दहाएक वर्षांपूर्वी मी शेतकी खात्यात नवा होतो. एका जुन्या परदेशी पुस्तकात वाचलं आणि वेडाच झालो. पिढ्यान्‌पिढ्या माणसं वार मोजून पाणी देत आली. शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला! मातीत पाणी किती, हे विचारून भागत नाही. ते ओढून घ्यायला मुळांना जोर किती लागतो, ते विचारायचं. चिकण माती पाणी घट्ट धरते, रेताड सोडून देते. आणि हा जोर चक्क मोजता येतो! खाली भाजक्या मातीची सच्छिद्र कांडी, वर पाण्यानं भरलेली बंद नळी, तिला काटा. माती सुकली की ती कांडीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. एवढंच! बाहेरून यंत्र मागवायचं तर परवानग्या मिळेपर्यंत पिकं निघून गेली असती. म्हणून मी हमीदभाईंना गाठलं. ते पिंपरीच्या एका कंपनीत फिटर; पहिली शिफ्ट सुटली की चिंचवड स्टेशनजवळच्या स्वतःच्या शेडमध्ये. पाण्याच्या फिल्टरमधली पांढरी कांडी त्यांनीच सुचवली. "राव, ही तर मातीची नाडी बघायची झाली!" म्हणाले, आणि आठवड्यात यंत्र तयार.

ते आम्ही कुरुळीला सोनाबाईंच्या कांद्यात रोवलं. नवरा कंपनीत, शेत त्यांच्याच अंगावर. विहिरीत जेमतेम तीन पाळ्यांचं पाणी उरलेलं. दर आठव्या दिवशी पाणी द्यायची रीत पाळली, तर कांदा पोसायच्या आत विहीर आटणार होती. "काटा चढेल तेव्हाच पाणी सोडा," मी छातीठोकपणे सांगितलं. आठवा दिवस गेला, दहावा गेला, काटा शून्यावर. मी खूश! बाराव्या दिवशी सोनाबाईंनी वाफ्यातली मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली.

"साहेब, ह्यो बगा भुगा. पात माना टाकाया लागलीय. कांदा गेला तर मी घरात काय सांगू?"

त्यांनी तिथल्या तिथे पाणी सोडलं आणि मी बस पकडून हमीदभाईंना घेऊन आलो. त्यांनी यंत्र उपसलं, कांडी पुसली आणि त्यांचा चेहरा पडला. कांडी चकाकत होती.

"पाझर फुटलेला दिसला, राव. वीस वर्षं गळती बंद करायचीच नोकरी केली. गळका माल हातातून कसा सोडू? व्हार्निशचे दोन हात मारले..."

माझीच अक्कल कमी. कांडी पाझरलीच पाहिजे, तोच तिचा जीव, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्याच दिवशी नवी कांडी लागली. पाचव्या दिवशी हमीदभाई रजा टाकून वाफ्यात उभे, आणि एकदम ओरडले, "हलला! हलला!" सोनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. उरलेल्या दोन पाळ्या काट्याच्या हुकमानं दिल्या. कांदा असा पोसला की शेजारचे लोक येऊन नळीला हात लावून बघायचे.

पुढे आम्ही बरीच यंत्रं केली. प्रत्येक कांडी भरून ते गालाला लावत. ओल लागली की मगच पास! एक यंत्र त्यांनी दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत रोवलं होतं. "तहान लागू दे त्याला," असं म्हणून बायकोच्या, रेहानाभाभींच्या, हातातला तांब्या काढून घ्यायचे.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तर काटा शून्यावर, कुंडीत चिखल. "ते गेल्यापासून रोज घालते पाणी," भाभी म्हणाल्या. "अडवणारं कोणी नाही ना..." मला फार वाईट वाटलं. चार दिवस पाणी घालू नका, मी येतो, असं सांगून निघालो.

रविवारी पुन्हा गेलो. भाभींशेजारी पायरीवर बसलो, काट्यावरची काच पुसली, वाकून पाहिलं आणि ओरडलोच, "हमीदभाई, हलला!"

भाभींनी दचकून घरात पाहिलं. मग उठल्या, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला. काटा पुरता खाली येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.