प्रज्ञाची अमेरिकेची यादी

अकरावं नाव मी खोडलं, तेव्हा प्रज्ञाच्या पप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, एखादं तरी ठेवा. पोरगी आठ दिवस बसली होती यादी करत."

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये आमचं परदेशी शिक्षणाचं ऑफिस आहे. खाली साड्यांचं होलसेल दुकान, वर आम्ही. मी तिथे काउन्सेलर. प्रज्ञा बारावीत, विठ्ठलवाडीची, हुशार. पप्पा अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज. तिच्या यादीत अमेरिकेतली बारा कॉलेजं होती. बाराही अशी, की ज्यांच्या नावाचे टी-शर्ट आमच्या बाजारात ढिगाने मिळतात.

ऐपत विचारली तर पप्पांनी सरळ आकडा सांगितला. "इथल्या इंजिनिअरिंगला हॉस्टेलसकट लागतील तेवढे दरवर्षी देईन. वर एक रुपया नाही. घर गहाण टाकणार नाही."

मला असे पालक आवडतात. बाकीचे "बघू, करू काहीतरी" म्हणतात, आणि त्या काहीतरीत पोरांचं वर्ष जातं.

मी समजावलं. काही मोजकी कॉलेजं प्रवेश देताना खिसा बघत नाहीत, पण तिथे जगभरातली पोरं तुटून पडतात. बाकीची बघतात. त्यांना नीड-अवेअर म्हणतात. मदत मागितली की चाळणी बारीक होते. पण त्यातलीही काही, एकदा घेतलं की गरजेइतकी सगळी मदत देतात. आपल्याला ती शोधायची.

"मग मी आत्ता मदत मागतच नाही," प्रज्ञा म्हणाली. "आधी अ‍ॅडमिशन, नंतर रडून दाखवीन."

"नंतर रडलीस तर टिश्यू देतील. पैसे नाही."

एवढ्यात आमचे बॉस हरेश सर केबिनमधून आले. "मॅडम, बच्ची का दिल क्यूं तोडते हो? आपली टाय-अपवाली टाका ना. स्कॉलरशिप पण आहे."

टाय-अप म्हणजे पोरगं तिथे गेलं की ऑफिसला कमिशन.

"सर, स्कॉलरशिप वजा करून भरायचे किती राहतात?"

सरांना अचानक फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही.

मग प्रज्ञाने जे केलं, ते मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तिने वीसेक कॉलेजांना मेल टाकला. माझे वडील एवढेच देऊ शकतात. माझ्यासारख्यांना तुम्ही खरंच घेता का? अर्ज करू की नको?

कोणी उत्तर देणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. निम्म्याहून जास्त जणांनी दिलं. एका टाय-अपवाल्याने तर स्वच्छ लिहिलं, करू नकोस. हरेश सरांनी तो मेल दोनदा वाचला. "साला, इमानदार निकला," म्हणाले आणि ते नाव स्वतःच खोडलं.

शेवटी आठ नावं उरली. दोन मोठी, तिच्या मनासाठी. सहा आम्ही कुणीच न ऐकलेली. शिवाय इथल्या इंजिनिअरिंगचा फॉर्मही भरायचा, हे पप्पांनी वदवून घेतलं.

मदतीच्या फॉर्ममध्ये प्रश्न आला, दुसरं घर आहे का?

"गावी आहे," पप्पा म्हणाले. "चार भावांत. माझ्या वाट्याला ओटा आलाय. ओट्याची किंमत लिहू?"

मार्चमध्ये नकार सुरू झाले. पाच झाले. एकाने वेटिंगवर टाकलं. मग एक होकार आला, पण मदत निम्मीच. प्रज्ञा दिवसभर नाचली. संध्याकाळी उरलेला आकडा कळल्यावर माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली. "मॅडम, हो बोलून पण नाहीच बोलले ना?"

मी चहा मागवला.

आठवं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. चारी बाजूंनी मक्याची शेतं असलेलं छोटंसं कॉलेज. घरचा वाटा पप्पांच्या आकड्याच्या आत. व्हिडिओ कॉलवर तिथल्या बाईंना पप्पांनी एकच विचारलं, स्टेशन किती लांब? प्रज्ञाने इंग्रजीत विचारून सांगितलं, गाडीने तीन तास.

"मग ठीक आहे," पप्पा म्हणाले. "लेक्चर बुडवून जाईल कुठे?"

ती आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. नवीन पालक आले की मी यादीला हात लावायच्या आधी त्यांना स्वतःचा आकडा मोठ्याने बोलायला लावते. शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल म्हणून लाज वाटत असेल, तर पंखा फुल करते.