मरण नसलेल्याचा सिनेमा

दुपारचा खेळ संपला तरी थिएटरच्या पायऱ्यांवर वाद चालूच होता. "कादंबरीची पार वाट लावली," एक जण चिडून म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "मला तर रडू आलं." तो रक्त पिणारा नायक कुणाला भयानक वाटला होता, कुणाला नुसता हास्यास्पद. मलाही तो पुस्तकातच खरा वाटला होता. काका गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर पडलेली मावशी मात्र दारावरच्या पोस्टरकडे बघत होती.

"तुला कसा वाटला गं?"

"त्याला मरण नाही ना," ती म्हणाली, "मग आपली माणसं किती वेळा पोचवायची त्याने?"

एकाच पडद्याकडे बघत आम्ही शेजारी बसलो होतो, आणि मी मनात पुस्तकातली पानं जुळवत होतो. मला तिथे उभं राहवेना.

"चल, घरी जाऊ."

"एवढ्यात नको रे," म्हणत ती पायरीवर बसली.