वर्षाराणी मॅडमची चार मिनिटं

आमच्या शाळेत वर्षाराणी मॅडम खेळ शिकवतात आणि मी गणित. त्यांची शिट्टी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गात ऐकू येते. गेल्या सप्टेंबरात ती आठवडाभर वाजली नाही, तेव्हा खरं सांगायचं तर आधी मला बरंच वाटलं. मग कळलं, चिकुनगुनिया.

ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे काही सुटेनात. दिवाळी झाली तरी सकाळी घोटे सुजलेले, मनगटात जोर नाही. रोज रंकाळा तलावाला पळत फेरी मारणारी बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरायची.

"ताप गेला म्हंजे बरं झालं, असं सगळी म्हणत्यात," त्या फोनवर म्हणाल्या. "मग मी काय नाटक करतोय व्हय, हंबीरराव सर?"

तोवर मुख्याध्यापकांनी मुलींचा खो-खोचा संघ माझ्या गळ्यात घातला होता. मला खो-खोतलं एवढंच ठाऊक, की काही जणी बसतात आणि काही पळतात. मॅडम रोज संध्याकाळी विचारायच्या, आज काय घेतलं? मी सांगितलं की पलीकडे नुसता सुस्कारा.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मैथिली नावाची तरुण मुलगी त्यांना व्यायाम शिकवायची. गाडीतून मीच त्यांना न्यायचो, म्हणून पहिल्या दिवशी हजर होतो.

"सपाट रस्त्यावर चार मिनिटं चालायचं," मैथिली म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं नाही, तर आठवड्यानं सहा मिनिटं."

"चार मिनिटं? तेवढ्यात माझ्या पोरी बूट बी घालत न्हाईत!"

"तुमच्या पोरींना चिकुनगुनिया झालेला नाही, मॅडम."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिलो.

जानेवारीपर्यंत चाराची बारा मिनिटं झाली. मग एका शनिवारी मुख्याध्यापक म्हणाले, "आता ग्रंथालय बघता का? बसून काम आहे." ते चांगल्याच मनानं म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम रंकाळ्यावर गेल्या आणि अख्खी फेरी चालून आल्या. शेवटचा टप्पा तर पळाल्या. तिथूनच धापा टाकत मला फोन केला, "झाली की फेरी!"

मंगळवारी त्यांना कंगवा धरवेना. त्यांचे यजमान जोतीराम यांनी वेणी घातली, तीही वाकडी. नऊ दिवस त्या अंथरुणावर होत्या.

मैथिली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पुन्हा चारपासून."

मॅडम गाडीत येऊन बसल्या. दार जोरात आपटायला गेल्या, पण हातात बळच नव्हतं. ते अर्धवटच लागलं. मला उतरून, वळसा घालून ते लावावं लागलं. परत येऊन बसलो तर त्या रडत होत्या.

"काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या म्होरं जात्यात, सर. जात्यात तर जाऊ देत. मागं वळून बघत्यात कशाला?"

धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "चाराची बारा व्हायला अडीच महिने लागले, म्हणजे आता साधारण..."

"गणित नगा घालू!"

त्यानंतर मी आकडा तोंडातून काढला नाही. त्या मात्र शिव्या घालत का होईना, सांगितलं तेवढंच करायला लागल्या. चार मिनिटं म्हणजे चारच. घरी पाण्याची भरलेली बाटली उचलायची, रबरी पट्टा ओढायचा. कधी आठवडाभर चांगलं चालायचं, कधी उगाचच घोटा सुजायचा आणि दोन पावलं मागं. मार्चपासून मैदानावर खुर्ची टाकून त्या सरावाला बसू लागल्या. माझी सुटका झाली, पण ती पूर्ण नाही. त्या खुर्चीतून ओरडायच्या आणि वाकून दाखवायचं काम माझ्याकडे. माझे गुडघे त्या दिवसांत जेवढे वाजले तेवढे कधी वाजले नसतील.

जूनमध्ये मैथिलीनं पळायची परवानगी दिली. एक मिनिट पळायचं, तीन मिनिटं चालायचं. "ह्याला पळणं म्हणत्यात व्हय?" असं म्हणत त्या पळाल्या.

ऑगस्टमध्ये मुरगूडला स्पर्धा होत्या. सामन्याआधी अंग गरम करायला मुली मैदानाला फेरी मारतात. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्या पुढे निघाल्या, हळू, दुडक्या चालीनं. आणि बाराच्या बारा मुली त्यांच्या मागं तशाच हळू पळायला लागल्या. कुणी पुढं जाईना.

मॅडमनी वळून पाहिलं.

"काय लावलंय हे? वरात हाय का माझी? व्हा की म्होरं!"

मुली दचकल्या आणि दोन्ही बाजूंनी सुटल्या. मॅडम मागं राहिल्या. थोडं पळाल्या, मग चालल्या, मग पुन्हा थोडं पळाल्या. मुलींची तिसरी फेरी संपायला आली तेव्हा त्यांची पहिली संपली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"पाणी ऱ्हाऊ दे. ती कडेची पोरगी खांदे पाडून पळतीया, ते तुमीच शिकवलंय न्हवं?"

संघ दुसऱ्या सामन्यात हरला. परतीच्या वाटेवर कागलपर्यंत त्यांनी मला त्याची कारणं सांगितली.