शांतव्वांनी लावलेला खर्ज

गडहिंग्लज डेपोत कंडक्टर असलेल्या शांतव्वा निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना त्यांनी ठणकावून सांगितलं, "मला सोनं नको, यात्रा नको. मला आता निवांत बसून गाणं ऐकायचंय."

सगळी उमर एसटीच्या खडखडाटात गेली होती. कोल्हापुरात फ्लॅटवर राहायला आल्या आल्या त्यांनी दोन लहान स्पीकर आणि खर्जातले सूर वाजवणारा एक सबवूफर घेतला. जोडायला आलेल्या माणसानं सबवूफर कोपऱ्यात सारला, मागचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, आता घर हाललं पायजे."

घर हाललंच! शांतव्वांनी नवऱ्याच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. रुद्राप्पांचा आवाज मूळचा भारदस्त. पण आता तो दुभंगला होता. वरचे सूर समोरून येत होते आणि खालचे कोपऱ्यातून, घुमत. पखवाज तर पोतं आपटल्यासारखा.

"ह्यो मी न्हाय," रुद्राप्पा म्हणाले. "बॉयलर बोलतोय कुठला तरी."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे हंबीरराव दारात. "वहिनी, आमच्या फडताळात भांडी नाचाय लागल्यात की!"

"परत देऊन टाक ते डबडं," रुद्राप्पांनी निकाल दिला.

शांतव्वांचं नाक लाल झालं. "आंबोलीच्या घाटात बंद पडलेली गाडी सोडून मी कधी घरी आल्ते काय?"

त्यांनी पुण्याला लेकीला, शांभवीला, फोन लावला. ती म्हणाली, "अव्वा, मागचं ते बटण म्हणजे हद्द हाय. त्या आकड्याखालचे सूर सबवूफरनं वाजवायचे. तू त्याला दीडशेपर्यंत रान मोकळं दिलंयस, म्हणून अण्णांचा आवाजबी त्यानं पळवला. खाली आण. आणि कोपऱ्यातनं बाहेर काढ त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतव्वांनी पदर खोचला. सबवूफर भिंतीपासून पुढं ओढला. बटण एकदम पन्नासवर आणलं. घुमणं गेलं, पण पखवाजाचा डावा हातही गेला. नुसती टिचकी उरली. लहान स्पीकरना तितकं खाली उतरता येत नव्हतं, मधे खड्डा पडला होता. मग केसभर वर. ऐकायचं, उठायचं, परत केसभर. ऐंशीच्या जरा पुढं गेल्यावर आवाज पुन्हा कोपऱ्याकडं सरकू लागला, तशा त्या मागं आल्या. सबवूफरचा आवाज कमी केला. स्पीकर आणि सबवूफरचे धक्के एकमेकांशी जुळवणारा फेजचा खटका उलटा करून पाहिला, तर पखवाज एकदम भरला. तो तसाच ठेवला.

"अहो, या इकडं. बसा."

रुद्राप्पा कुरकुरत बसले. भजन सुरू झालं. समोर, दोन स्पीकरच्या अगदी मधोमध, जणू दुसरे रुद्राप्पाच उभे राहून गात होते. खर्जात उतरले तरी जागचे हलत नव्हते. पखवाजाची थाप गोल, भरीव, आली तशी थांबणारी. सबवूफर खोलीत आहे हेच कळेना.

कडवं संपलं. रुद्राप्पा स्पीकरकडं बघत म्हणाले, "असा गातो व्हय मी?"

"चाळीस वर्सं सांगतेय की!"

हंबीरराव पुन्हा वर आले. शांतव्वा भांडायच्या तयारीत उभ्या राहिल्या.

"भांडी गप हायत, वहिनी," ते चप्पल काढत म्हणाले. "पण जिन्यात ऐकू आलं. आमच्या चिमणाबाईलाबी बोलावू का?"

त्या सोमवारी रुद्राप्पांचं सगळं भजनी मंडळ घरात जमलं. सतरंजी भरली, दारातही माणसं. कुणीतरी विचारलं, मेकॅनिक कुठला गाठला?

"मेकॅनिक कसला?" रुद्राप्पाच छाती काढून म्हणाले. "आमच्या हिनं लावलंय."

शांतव्वांनी पुढचं भजन लावलं आणि सगळ्यांत चांगली, मधली जागा स्वतःकडं ठेवली.