ताईची कंबर

माझी ताई तुंगार्लीची, औंढ्याला दिलेली. सकाळपासून कळा देत ती लोणावळ्याच्या दवाखान्यात पडली होती. दुपारी बाळाचे ठोके मंदावले आणि सिझर ठरलं. भुलीच्या डॉक्टर कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, कमरेतून भूल देऊ, ती जागी राहील.

"कमरेत सुई न्हाई," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्या भावकीत येकीला टोचली, तिला आवणीला वाकाया येत न्हाई. त्यापरीस पुरती झोपवा."

पोटात बाळ गुदमरतंय आणि हिला भाताच्या चिखलात वाकणारी कंबर हवी! मला किळस आली. दाजी हातात पेन धरून उभे. "आई म्हणंल तसं," म्हणाले.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, बाळंतपणानंतर पाठ सुई न घेताही दुखते. सुईची जागा चार दिवस ठणकेल, बीपी उतरतं, एखादीचं डोकं दुखतं. ते आम्ही सांभाळतो. पुरतं झोपवलं तर घशात नळी घालावी लागते, पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. बाळही गुंगीत निघू शकतं. हिने काही खाल्लंय?"

"पान्याचा घोट न्हाई."

"खोटं," मी ओरडले. "तासापूर्वी पडद्याआड तुम्हीच वाटीभर शिरा भरवलात. कळा द्यायला ताकद हवी म्हणून!"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "लय शानी! सुई टोचून बाईला जन्माची अधू करत्यात, हे तूच छापून गावात वाटलंस न्हवं? आता ग्वाड झाली व्हय सुई?"

खरंच होतं ते. गेल्या वर्षी गरज नसताना होणाऱ्या सिझरवर मी पत्रक काढलं होतं. त्यातलं ते वाक्य मळवली स्टेशनच्या बाकावर एका बाईकडून ऐकलेलं. दणदणीत वाटलं म्हणून घातलं. एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

"कंबर माझी आहे," स्ट्रेचरवरून ताई म्हणाली. "कागद इकडे आणा."

"तुझ्यासाठीच आणलाय," डॉक्टर म्हणाल्या. दाजींच्या हातातलं पेन त्यांनी काढून घेतलं. ताईने कळ दाबत वाकडीतिकडी सही केली.

मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ताईने जागेपणी ऐकलं.

संध्याकाळी ताईच्या पायांत मुंग्या आल्या, बोटं हलू लागली. मी तिच्या उशाशी बसले. "ताई, ते पत्रकातलं..."

"सकाळी आल्या आल्याच भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "कमरेत बारीक नळी घालतो, कळा सोसवतील, असं. मी नको म्हटलं."

"का?"

"तू लिहिलं होतंस ना."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. सकाळपासूनच्या तिच्या किंकाळ्या मी दाराबाहेर बसून ऐकल्या होत्या, आणि दुपारी सुईवरून मनातल्या मनात तिच्या सासूबाईंना शिव्या घातल्या होत्या.