तुरीच्या फुलाचा रंग

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि अकोल्याच्या शोरूममध्ये नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही विकतो. एकदा मूर्तिजापूरकडच्या एक बाई नवऱ्यासोबत गाडी घ्यायला आल्या. बुकिंग नवऱ्याच्या नावावर झालं, त्यामुळे बाईंचं नाव मला कळलंच नाही. रंगांच्या तक्त्यात त्यांनी एका पिवळ्यावर बोट ठेवलं, ते उचललंच नाही.

"तुरीच्या फुलावानी आहे," त्या म्हणाल्या.

"मावशी, हा रंग फक्त परदेशात जाणाऱ्या गाड्यांना," मी ऐटीत सांगितलं.

"काहून? आमाले डोये नाहीत?"

नवरा म्हणाला, "पांढरी घे वं. उद्या इकाले सोपी जाते."

"आपण इकाले घेऊन राहिलो का?"

तो हसला. मी कंपनीला फोन लावला. निर्यातीच्या गाड्यांमधली एक देऊ, पण काही महिने थांबावं लागेल, असं उत्तर आलं.

"थांबतो ना. तूर का दोन दिसात येते?" बाई म्हणाल्या.

परदेशात ही गाडी किती खपेल, ते कंपनी जाणे. पण ती पिवळी गाडी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली, तेव्हा आमचं अख्खं शोरूम बघायला दारात उभं होतं. बाईंनी मात्र मागं वळूनही पाहिलं नाही.